वायाळ सरांची बसऱ्याची पलटण

नव्या माणसाला भेटलं की लोक नाव विचारतात, मग आडनाव, आणि आडनावावरून जे काढायचं ते काढून घेतात. वायाळ सर आडनावाच्या वाटेलाच जात नसत. लोणारच्या शाळेत शिवणाची आणि मराठीची बाई म्हणून मी रुजू झाले, त्या दिवशी व्हरांड्यात खाकी अर्धी चड्डी घातलेले, गळ्यात शिट्टी अडकवलेले एक उंच, काटक गृहस्थ समोर आले. नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, गाव कोणतं?"

"मलकापूर."

"म्हंजे घाटाखालच्या. तुमच्या हिरीचं पाणी खारं असन."

"हो, खारंच आहे."

"मंग आता काही दिवस तुमचं वरण अळणी होईन. इथलं पाणी गोड आहे. मीठ वाढवा."

एवढं सांगून ते मुलांवर ओरडत मैदानाकडे निघून गेले. मला रागच आला. ओळख ना पाळख, आणि हा माणूस माझ्या वरणापर्यंत पोचला! पण रात्री आमच्या ह्यांनी पहिलाच घास घेऊन मिठाची वाटी पुढे ओढली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी मीठ वाढवलं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे डोंगराने दोन भाग केलेत. वर राहतात ते घाटावरचे, खाली राहतात ते घाटाखालचे, आणि दोघांनाही वाटतं की शहाणपण आपल्याच बाजूला राहिलं. वायाळ सर जातिवंत घाटावरचे. शाळेत ते इतिहास आणि कवायत शिकवत. फौजेत जायची त्यांना लहानपणापासून हौस होती, पण भरतीच्या वेळी डॉक्टरांनी त्यांचे तळवे सपाट आहेत म्हणून परत पाठवलं. "लंबं चालता येणार नाही म्हणे," असं ते हसून सांगत. हे सांगणारा माणूस रविवारी मेहकरपर्यंत पायी जाऊन येई.

सव्वीस जानेवारीला इतर शाळांत लेझीम होई, डंबेल्स होत. आमच्या शाळेत लढाई होई. सर दरवर्षी एक लढाई मैदानावर उभी करत आणि सारं लोणार ती बघायला लोटे. मी आले त्या वर्षी चीनच्या लढाईची जखम ताजी होती. मुख्याध्यापकांना बर्फातलं युद्ध हवं होतं, त्यासाठी कापूस द्यायला एक व्यापारीही तयार होता. सरांनी सभेत उभं राहून सांगितलं, "मी बसऱ्याची लढाई करतो."

"अहो, ती तर पहिल्या महायुद्धातली, तिकडे इराकात झालेली इंग्रजांची लढाई," मुख्याध्यापक म्हणाले.

"लढाई इंग्रजायची होती. माणसं धानोरीची होती."

धानोरी हे लोणारजवळचं लहानसं गाव. तिथल्या चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळी बसवलेला एक दगड होता. या गावातून इतकी माणसं मोठ्या लढाईवर गेली आणि त्यातली चार परत आली नाहीत, एवढंच त्यावर कोरलेलं. कोण गेलं, कोण आलं नाही, एकाचंही नाव नाही. त्या दगडावर पोरं विळे घासत. सरांनी तो पाहिला आणि त्यांचं डोकं फिरलं. "पोळ्याले आपण बैलाले नावानं हाक मारतो बाई, अन् इथं माणसं नुसती मोजून ठेवली," असं ते मला म्हणाले. ते बसऱ्याचं खूळ तिथून सुरू झालं.

सरांचा एक नियम होता. ज्याला लढाईत काम करायचं असेल त्याने आपण जो शिपाई होणार त्याच्या गावी, त्याच्या घरी जाऊन यायचं. नुसतं जायचं नाही, तिथे जेवायचं, त्या शेतात दिवसभर राबायचं, आणि परत आल्यावर सरांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. घरापुढे झाड कोणतं? तो गेला तेव्हा शेतात काय उभं होतं? आईला काय म्हणत? उत्तर चुकलं की लाकडी बंदूक काढून घेतली जाई. मॅट्रिकची मोठी पोरं वैतागत. "सर, आमाले गोळी झाडाची हाये, सोयरीक नाही कराची," असं एकाने ऐकवलं. सर म्हणाले, "गोळी कोणीबी झाडते बे. ज्याले घरची आठवण येते तो सिपाही. तुले कोणाच्या घरची येईन?"

दवाखान्यातला कंपाउंडर हा आमच्या लढाईतला हौशी गडी. त्याच्या वाट्याला संपत आबा आले. संपत आबा धानोरीच्या बौद्ध वस्तीतले, बसऱ्याहून जिवंत परतलेले, आणि अजून ताठ. त्यांच्या घरी जेवायचं म्हटल्यावर कंपाउंडर घुटमळू लागला. आधी पोट बिघडलं, मग सायकल बिघडली. सरांनी त्याला सर्वांसमोर काही म्हटलं नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसले आणि विचारलं, "तू आबा होऊन खंदकात पडलास, तहान लागली, बाजूच्यानं पाणी पुढं केलं. तं आधी जात पुसशीन का?"

कंपाउंडर दुसऱ्या दिवशी गेला. संपत आबाही काही कमी नव्हते. ताटात अंबाडीची भाजी आणि भाकर वाढून समोर बसून राहिले आणि म्हणाले, "खाय बापू, सावकाश खाय. मी पाह्यतो ना, माहं काम कराले लायक हायेस का नाही ते." तो जेवला. पुढे तर न सांगता जाऊ लागला, आबांच्या गुडघ्याला लावायला दवाखान्यातलं तेल घेऊन. त्याच्या बायकोने शाळेत येऊन माझ्यापाशी तक्रार केली की आता घरची भाजी यांना गोडच लागत नाही.

दुसरी कथा धानोरीच्या पाटलांची. त्यांचे वडील बसऱ्याला घोड्यावर बसून तलवार फिरवत गेले, असं सारा गाव मानत होता. घरात भिंतीवर एक तलवार होती, दसऱ्याला तिची पूजा होई. सरांनी विचारपूस केली आणि संपत आबांकडून कळलं की थोरले पाटील खेचरांच्या पलटणीत होते. खेचरं हाकायची, पाणी आणि दारूगोळा पोचवायचा, हे त्यांचं काम. सर हे सांगायला सरळ पाटलांच्या ओसरीवर गेले. मी म्हटलं होतं, जाऊ नका, पण ऐकतील ते वायाळ कसले.

पाटील उठून उभे राहिले. "मास्तर, माह्या बापाले तुमी गाढवं हाकाले लावसान का भर मैदानात?"

"खेचरं," सर म्हणाले.

"मैदान माहं हाये! खंदक कोठी खोदता ते पाह्यतोच!"

मैदान त्यांच्या नातलगाचं, म्हणजे त्यांच्याच शब्दातलं होतं. मुख्याध्यापकांना घाम फुटला. सरांनी मात्र संपत आबांना बैलगाडीत घालून पाटलांकडे नेलं. आबा ओसरीच्या खालीच उभे राहिले, तेव्हा सर म्हणाले की आबा वर बसल्याशिवाय मी बोलणार नाही. पाटलांनी घोंगडी टाकायला लावली, ती रागारागानेच. आबा बसले. मग त्यांनी सांगितलं की दोन दिवस पलटणीला पाण्याचा थेंब मिळाला नव्हता, पुढून गोळ्या येत होत्या, आणि तुमचा बाप खेचरांच्या पाठीवर पखाली लादून, आपण त्यांच्या आडोशाला न लपता, पुढे चालत आला. "खेचर भेलं तं पाणी सांडीन म्हणून तो त्याच्या कानात गाणं म्हणे. पाटील, तलवारवाले लय पाह्यले. पाणी आणणारा तो एकच पाह्यला."

 पाटील आत वळून म्हणाले, "चहा टाका." सव्वीस जानेवारीसाठी कुंभाराची गाढवं त्यांनी स्वतः ठरवली, त्यांना आंघोळ घालायला लावली, आणि "गाढवं नाही, खेचरं म्हणा," असं साऱ्या गावाला बजावत फिरू लागले.

असं करता करता दगडावरच्या चौघांपैकी तिघांची नावं सरांना मिळाली. कुणाचा पुतण्या होता, कुणाची लेक होती. राहिला चौथा. त्याला सारा गाव पैलवान म्हणे. तो धानोरीचा नव्हताच, घाटाखालून कुस्त्या खेळत आलेला, आणि एका शेतकऱ्याच्या घरी घरजावई राहिलेला. त्याच्या नावावर जमीन नाही, मागे पोर नाही, सासरा आणि मेहुणे कधीच गेलेले. संपत आबा त्याच्याबरोबर पलटणीत होते, पण त्यांनाही नाव ठाऊक नव्हतं. "तठी समदे पैलवानच म्हणत. जखमी झाला, लोकायनं नदीवरच्या बोटीत ठेवला, बोट गेली. मंग काही दिसला नाही," एवढंच ते सांगत.

नाव माहीत असलेलं माणूस गावात एकच होतं, त्याची बायको भागाबाई. सत्तरीला टेकलेली, बारीक अंगाची, डोळे मात्र लख्ख. ती एकटी राहून मोलमजुरी करत आली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरवा चुडा. नवरा गेला त्याला जन्म उलटला, पण तो मेला असं तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने मानलं नव्हतं. गाव तिला तोंडावर काही म्हणत नसे. फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या दाराशी यायचं थांबलं होतं. बायकांचा हा रिवाज मला ठाऊक होता. तोंडाने बोलायचं नाही, हाताने वगळायचं.

सर तिच्याकडे गेले ते कवायतीच्या थाटात. चार माणसं बरोबर, अंगणात उभं राहून खणखणीत आवाजात, "माय, तुमच्या नवऱ्याचं नाव सांगा, गाव सांगा!"

भागाबाई आत गेली आणि दार लावून घेतलं.

सर शाळेत आले ते हिरमुसले होऊन. "बाई, बुढी बोलतच नाही. मी तं सरळ नाव विचारलं."

मला हसू आवरेना. हा माणूस जिल्हाभराच्या विहिरींचं पाणी चाखून आला होता, पण बायकोच्या जातीने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. सरांनी लग्न केलं नव्हतं, त्यांना कोण सांगणार? मी म्हटलं, "सर, मीसुद्धा घरी 'अहो' म्हणते. आणि तुम्ही तिला चार पुरुषांसमोर हजेरी द्यायला लावलीत."

"मंग तिच्या तोंडून नाव निघणारच नाही?"

"उखाण्यात निघेल. पण उखाणा सवाष्णीने घ्यायचा असतो."

हे त्यांना चटकन कळलं, आणि त्यांचा चेहरा पडला. कारण लढाईच्या तालमी सुरू होत्या आणि चौथ्या शिपायाचं मरण आधीच बसवून झालं होतं. मॅट्रिकचा एक पोरगा इतका सुंदर मरत असे की तालमीला बायका पदर डोळ्यांना लावत. गोळी लागली की तो आधी गुडघ्यावर येई, मग आकाशाकडे हात करी, मग सावकाश आडवा होई. तोच पैलवान होणार होता.

मला बरोबर घेऊन सर पुन्हा धानोरीला गेले, या वेळी मुकाट. अंगणात खाली बसले. भागाबाई माझ्याकडे बघूनच बोलली. "बाई, मास्तरायले सांगा. ते लोकायले गोळा करून त्याले मारून राह्यले म्हणते. समद्यायच्या डोयासमोर मेला म्हंजे मी कोन राह्यली? माह्या कपायाचं मी इतके वर्सं राखलं. आता ह्याच्या खेयापाई पुसू का?"

 परतताना सर सायकल हातात धरून चालत होते. शेवटी स्वतःशीच म्हणाले, "तो मेला हे कोणी पाह्यलं? दगडावर तं लिहिलं, परत आले नाहीत. मेले असं कुठी लिहिलं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी पैलवानाचं मरण काढून टाकलं. मुख्याध्यापक चिडले, कारण शेवट फिका पडणार होता. तो पोरगा तर रडलाच. "सर, मले मराले देत नाही," अशी तक्रार घेऊन तो माझ्याकडे आला, आणि त्याची समजूत काढताना माझी पुरेवाट झाली.

पण नाव हवंच होतं. नाताळच्या सुट्टीत सर घाट उतरले. वडनेर भोलजीला एका घरच्यांनी सांगितलं, हो, आमच्याच घरचा पैलवान घाटावर घरजावई गेला. सरांना पुरणपोळी खाऊ घातली, सरांनी डोळे पुसले, झाडं बघितली, विहिरीचं पाणी प्यायले. जेवण झाल्यावर घरच्यांनी आतून एका म्हाताऱ्याला धरून आणलं. तो त्यांचा पैलवान, घाटावरच्या कुठल्या तरी भलत्याच गावाहून, बायकोशी पटलं नाही म्हणून केव्हाचा माघारी आलेला. "मले काऊन शोधून राह्यले? तिनं पाठवलं का?" असं विचारून तो पुन्हा आत पळाला. सर संग्रामपूरलाही जाऊन आले. सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गावोगाव पैलवान विचारला. पैलवान प्रत्येक गावात निघे, फक्त हा निघेना.

सुट्टी संपली तेव्हा ते वाळून आले होते. पुन्हा धानोरीला गेलो. सर भागाबाईला म्हणाले, "माय, नाव नका देऊ. माहं काही म्हणणं नाही. पण मी त्याले मारत नाही, हे सांगाले आलो. त्याची जागा मी रांगेत ठेवतो."

ती कितीतरी वेळ चुलीतली राख सारखी करत बसली. आम्ही उठलो तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "बाई, तठी बायायले बसाले जागा असते का?"

सव्वीस जानेवारीला ऊन छान पडलं होतं. मी रात्ररात्र जागून शिवलेले खाकी डगले अंगात घालून आमची पलटण उभी राहिली. खंदक खोदलेले, चादरींची नदी केलेली. पाटील नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत, बाजूला संपत आबा. भागाबाई धानोरीच्या बायकांच्या गाडीतून आली, पण बसली त्यांच्यापासून जराशी दूर. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

लढाई झाली. फटाके उडाले, गाढवं बुजली, एक सरळ मुख्याध्यापकांच्या अंगावर गेलं, आणि कंपाउंडर खंदकातून ओरडला, "आबा, बराबर करून राह्यलो ना?" आबांनी हात वर केला. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मग सर हवालदाराच्या वेषात पुढे आले आणि लढाईनंतरची हजेरी सुरू झाली. नाव पुकारलं की शिपाई आपलं गाव सांगे आणि घरच्या शेतात काय उभं आहे ते सांगे. कापूस उभा आहे. तूर उभी आहे. ज्वारी कापायला आली. मैदान हळूहळू शांत झालं. जे तिघे मेले त्यांची नावं आली, तेव्हा शेजारच्याने उत्तर दिलं, "कामी आला." त्यातल्या एकाची म्हातारी लेक मोठ्याने रडली आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

मग सर रांगेत एका मोकळ्या जागेसमोर थांबले. पुकारायला त्यांच्याकडे काही नव्हतं. 'पैलवान' म्हणता आलं असतं, पण त्यांनी म्हटलं नाही. ते नुसते उभे राहिले. लोकांना वाटलं, मास्तर विसरले. मागून कुणीतरी "पुढं चला" म्हणून ओरडलंही.

माझ्या शेजारी बांगड्या वाजल्या. भागाबाई उठून उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला, मान खाली घातली, आणि आवाज मात्र असा लावला की खंदकाच्या पलीकडे जावा.

"उभ्या जोंधळ्यात पाखराचं माहेर,
तुळशीरामाचं नाव घेते, संग्रामपूर सासर!"

 बायकांच्या रांगेत कुणी हललं नाही. सर ताठ उभे होते. खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली. हा माणूस खोटं बोलणार नाही, मास्तरकीचा अभिमान सोडणार नाही. 'हाजिर' म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. आणि दुसरं काही म्हणाला तर ही म्हातारी उभ्या जागी कोसळेल.

सरांनी सलाम ठोकला आणि पुकारलं, "तुळशीराम, संग्रामपूर!"

आणि उत्तरही त्यांनीच दिलं, "यायचा आहे!"

भागाबाई खाली बसली. मग पाटलीणबाई आपल्या जागेवरून उठल्या. संक्रांतीचे दिवस होते, बायकांच्या कमरेला हळदीकुंकवाचे करंडे होतेच. त्यांनी भागाबाईच्या कपाळाला बोट लावलं, ओटीत तिळगूळ घातला आणि बाकीच्या बायांना म्हणाल्या, "काय पाहून राह्यल्या? या ना." बाया आल्या. सगळ्या आल्या असं म्हणणार नाही, पण पुष्कळ आल्या.

पुढच्याच रविवारी सर संग्रामपूरला गेले. आता नाव हातात होतं, तेव्हा घर सापडायला वेळ लागला नाही. मागच्या खेपेला ते त्याच आळीत चहा पिऊन परतले होते. पैलवान हे नाव त्याला घाटावर पडलं, घरच्यांना तो नुसता तुळशीराम होता. काका घाट चढून गेला, मग लढाईवर गेला, एवढं पुतण्याने वडिलांकडून ऐकलेलं. काकू आहे हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने निरोप दिला, काकूला घेऊन या, आम्ही वाट पाहतो.

आमच्या ह्यांची बदली त्याच सुमारास मलकापूरला झाली. सामान लादून आम्ही लोणार सोडलं, तेव्हा एसटीत पुढच्या बाकावर भागाबाई बसली होती. नवं हिरवं लुगडं, मांडीवर गाठोडं. सर तिच्याशेजारी अंग चोरून बसले होते. खामगावला आम्हाला गाडी बदलायची होती, त्यांनाही. स्टँडवर त्यांची संग्रामपूरची गाडी लागलेली होती. मी निरोप घ्यायला गेले. सरांना खूप काही म्हणायचं मनात होतं, पण "डगले धुवून ठेवा," एवढंच मी म्हणाले.

भागाबाई गाडीच्या पायरीशी अडली होती. म्हातारी घाबरली होती, मला दिसलं. "मास्तर," ती म्हणाली, "तठी लोकं पुसतीन, ही कोन, कोनाची?"

"मंग सांगा ना माय. आता तं साऱ्या लोणारसमोर सांगितलं तुमी."

"ते लोनार होतं," ती म्हणाली. "सासरी कोनी नवऱ्याचं नाव घेते का? तुमीच सांगा."

सर मोठ्याने हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी गाठोडं घेतलं, तिला हात देऊन वर चढवलं. गाडी सुरू झाली. खिडकीत मला तिचा पदर दिसला, नव्या नवरीसारखा कपाळाखाली ओढलेला, आणि तिच्यामागे उभे असलेले सर. कंडक्टरने काहीतरी विचारलं असावं. धूळ उडाली, गाडी वळली, आणि कवायतीच्या त्या आवाजात मला शेवटचं ऐकू आलं, "दोन संग्रामपूर! ही तुळशीरामाची बायको आहे, सासरी चालली!"